तलावाकाठच्या विहिरीच्या पाण्यात लोह, मदत हवी आहे

भंडारा जिल्ह्यातलं गाव. मालगुजारी (जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या) तलावापासून 30 मीटरवर नळयोजनेची विहीर, 9 मीटर खोल. काठची वाळू पाणी गाळून देते. नैनितालला तलावाकाठच्या नलिकाविहिरींचं तेच तत्त्व. तलाव हिरवागार झाला तरी आमचं पाणी नितळ. पण मार्चपासून बादली तासभर ठेवली की तळाला तांबूस साका बसतो. तपासणीत लोह लिटरला 1.8 मिलिग्रॅम (मर्यादा 1), कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण सांगणारे जिवाणू) नाहीत. पाइप पीव्हीसीचे, म्हणजे गंज नव्हे. विहिरीतला गाळ काढला, उपसा निम्म्यावर आणला, फरक शून्य. तलावाच्या तळच्या गाळात प्राणवायू संपून लोह विरघळत असावं, असा माझा अंदाज. वीज आठच तास, पैसा ग्रामपंचायतीचा (म्हणजे समजून घ्या). पाणी टाकीआधी पायऱ्यांवरून खेळवून (हवा लागून लोहाचा साका व्हावा म्हणून) वाळूच्या गाळणीतून काढलं तर लोह 1 च्या खाली येईल का, आणि रोजच्या 40 हजार लिटरला गाळणी केवढी लागेल?