दाढेभोवतीचे झिजलेले हाड परत येऊ शकते का? पर्याय निवडण्यासाठी मदत हवी आहे

हिरड्यांच्या जुन्या आजारावर माझ्या सर्व दातांची मुळांपर्यंत खोल सफाई होऊन तीन महिने झाले. रक्त येणे थांबले आणि बहुतेक पॉकेट (हिरडी आणि दात यांमधली खोल फट) ४ मिलिमीटरच्या आत आले. मात्र खालच्या पहिल्या दाढेच्या मागच्या बाजूला अजूनही ८ मिलिमीटरचे पॉकेट आहे आणि एक्स-रेमध्ये तिथले हाड मुळालगत पाचरीसारखे खाली उतरलेले दिसते. पुढच्या खालच्या दातांचे हाड मात्र सगळीकडे सारखेच खाली गेले आहे.

तज्ज्ञांनी दाढेसाठी तीन मार्ग सांगितले: ग्राफ्ट (हाडाची जागा भरणारे कण) घालून त्यावर मेम्ब्रेन (पातळ पडदा) लावणे, डुकराच्या वाढत्या दातांपासून मिळवलेल्या प्रथिनांचे जेल मुळावर लावणे, किंवा माझ्याच रक्तातून काढलेले पीआरएफ (प्लेटलेट्सनी समृद्ध फायब्रिनची गाठ) वापरणे. मेम्ब्रेनमागचा विचार मला पटला. हिरडीच्या पेशी वेगाने वाढून मुळावर आधी पोहोचतात, म्हणून त्यांना अडवून दाताला हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधाच्या सावकाश येणाऱ्या पेशींना जागा राखून द्यायची. १९८२ मध्ये दंतसंशोधक नायमन आणि सहकाऱ्यांनी हे माणसाच्या दातावर करून दाखवले होते. पण तिन्हींतून निवड कशाच्या आधारे करावी, आणि त्याच शस्त्रक्रियेत पुढच्या दातांचे हाडही वाढवता येईल का?

उत्तर : पुढच्या दातांची अपेक्षा सोडा. अशा सगळीकडे सारख्या, म्हणजे आडव्या झिजेत नव्या हाडाला आधार देणाऱ्या भिंतीच उरत नाहीत, त्यामुळे तिथे आजार आटोक्यात ठेवणे हेच उद्दिष्ट असते. दाढेबाबत साहित्यापेक्षा हाडातल्या खड्ड्याचा आकार महत्त्वाचा आहे. खड्डा खोल, अरुंद आणि तीन बाजूंनी हाडाने वेढलेला असेल, तर रक्ताची गाठ आपोआप टिकते आणि केवळ प्रथिनांचे जेलही पुरेसे ठरू शकते. तो रुंद असून एक-दोनच भिंती असतील, तर हिरडी आत कोसळू नये म्हणून ग्राफ्टचा आधार लागतो. पीआरएफचे परिणाम आशादायक असले, तरी ते तयार करण्याच्या पद्धती जागोजागी वेगळ्या असल्याने मी त्याला पहिली पसंती देणार नाही. दाढेच्या दोन मुळांमधली जागा उघडी पडली आहे का, हेही विचारा. ती आरपार उघडी असेल तर पुनर्निर्मितीचा भरवसा फार कमी. धूम्रपान करत असाल किंवा साखर नियंत्रणात नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : ग्राफ्ट घातल्यावर एक्स-रे लगेच पांढरा दिसतो, पण ते तुमचे नवे हाड नव्हे, घातलेले कण असतात. साधारण वर्षभराने पॉकेट किती भरले आणि दाताला हिरडीची पकड किती मिळाली, यावरूनच खरा निकाल कळतो. पहिले सहा महिने तर तिथे मोजणीची सळईही घालू देऊ नका.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. धूम्रपान नाही, साखरही नियंत्रणात आहे. भिंती किती उरल्या आहेत आणि मुळांमधली जागा कशी आहे, हे आता पुढच्या भेटीत सर्वांत आधी विचारतो.