रोजचं 'दिवस 43' आता पुरे!

तपोवनकर : आमचा एक वर्गमित्र रोज सकाळी सातला पोस्ट टाकतो : 'दिवस 43. रंकाळा तलावाला दोन फेऱ्या. साखर बंद. वजन 91. तुम्हाला सांगतोय म्हणून खाडा होत नाही. एकाला जरी प्रेरणा मिळाली तरी भरून पावलो.' खाली घामाघूम फोटो. आज डोकं उठलं म्हणून लिहितोय. चालायचंय तर चाल की! तालमीतली पोरं पहाटे उठून जोर मारतात, ती कधी गावाला हजेरी देतात? पैलवान खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले, चार वर्षं गपगुमान घाम गाळला आणि 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. सांगून टाकलं की केल्याचं अर्धं समाधान तिथंच मिळतं आणि उरलेलं अर्धं राहून जातं.

मावामुक्त : खाशाबांचं नाव घेतलंय तर पुरतं घ्या. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांकडून वर्गणी गोळा झाली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून 7000 रुपये दिले. एवढी माणसं डोळे लावून बसल्यावर गपगुमान कसलं? माझंच सांगतो. तंबाखूचा मावा सोडला तेव्हा गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी टपरीवाल्यानंच पुडी द्यायला नकार दिला, 'भावा, तुझं वाचलंय मी.' चार वर्षं झाली.

गणिताचे सर : 2009 साली गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांवर प्रयोग केले होते. संकल्प दुसऱ्याच्या कानावर गेला की मेहनत कमी होते, असं आढळलं. तपोवनकरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

मावामुक्त : त्या विद्यार्थ्यांना आमच्या टपरीवर पाठवा, सर.

गंगावेस : चर्चा चालू द्या, पण हा 'दिवस 43' वाला काल सकाळी दूधकट्ट्यावर होता. म्हशीचं धारोष्ण, मोठा ग्लास, वर फेस. पोस्टीत दूध कुठाय?

तपोवनकर : बघा! म्हटलं नव्हतं?

लाल माती : दूध पिणं म्हणजे चोरी व्हय? पैलवान कशावर उभा राहतो?

कोथरूडवासी (मूळ राजारामपुरी) : पैलवान ते जिरवतो. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात पाचशेच्या आसपास कॅलरी असतात. दोन फेऱ्यांत जळलेलं बरंचसं त्यातच परत येतं.

लाल माती : पुण्यात पिशवीतलं पिऊन आम्हाला म्हशीचं शिकवू नका.

कोथरूडवासी : माझ्या आजोबांच्या गोठ्यात सात म्हशी होत्या.

लाल माती : आजोबांच्या होत्या. तुमची एकतरी हाय का?

गंगावेस : माझ्यामुळं पेटलं, माफ करा. पण ग्लास मोठाच होता.

धाकटी बहीण : म्हशी जरा बाजूला बांधा. माझा थोरला भाऊ दारूतून बाहेर आलाय. पहिल्या खेपेला त्यानं सगळ्यांना कळवलं, 'शंभर दिवस झाले.' तीनशे अभिनंदनं आली. एकशेबाराव्या दिवशी तो प्यायला. मग त्या तीनशे जणांना तोंड कसं दाखवायचं म्हणून घराबाहेरच पडेना, आणि आत बसून आणखी प्यायला. पुढे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागला. तिथंही आपली गोष्टच सांगतात. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सांगूनच तर ते सुरू झालं. पण ती गोष्ट त्या खोलीतली. पेपरात पूर्ण नाव नाही, फोटो नाही. घसरलेला माणूस पुन्हा येऊन 'आज पहिला दिवस' म्हणतो आणि कुणी भुवई उंचावत नाही. अकरा वर्षं झाली. त्यामुळे सांगू नका म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही, आणि अंगठे मोजणाऱ्यांचंही.

मावामुक्त : ताई, मानलं. पण माझा टपरीवाला काही खोलीत बसलेला नव्हता.

धाकटी बहीण : तो तुम्हाला रोज बघत होता. ते तीनशे बघत नव्हते.

तपोवनकर : ताईंचं ठीक आहे. दारू वेगळी. पण दोन फेऱ्या म्हणजे काही व्यसनमुक्ती नव्हे. आमचा मित्र पाय घसरला तर लिहिणारच नाही, एवढं मी लिहून देतो.

दिवस 43 वाला : तो मीच. दिवस 44 : फेरी एक. पाऊस होता. दूध अर्धा लिटर, काल आणि आजही. साखर घालून. वजन 91.6. तपोवनकरा, घर जवळ आहे तुझं, ये की उद्या सहाला.

तपोवनकर : येतो. फोटो काढलास तर तिथूनच परत फिरेन.

लाल माती : साखर घालून?? मग ते दूध कसलं, बासुंदी ती!