नाना टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, त्यांना सिनेमातली एक जागा प्रत्यक्ष दाखवायची आहे

बोरीकाठची (७ जून)

नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, अमळनेरला टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. १९७२ साली रिळं गुंडाळायला पोरगा हवा म्हणून लागले, दोन वर्षांत मशीनवर उभे राहिले आणि टॉकीज बंद पडेपर्यंत तिथेच होते. आता वय ७३. डावा गुडघा दुखतो, बाकी तब्येत चांगली आहे.

मागच्या दिवाळीत सगळे जमलो होतो. माझ्या भाच्याने विचारलं, नाना, तुम्ही एवढे पिक्चर पाहिले, सगळ्यात भारी कोणता? नाना अहिराणीत म्हणाले, "मी कोठे दखा पिक्चर? मी ते फक्त चालाडा." आम्हाला आधी कळलंच नाही. मग त्यांनी पोरांना समजावून सांगितलं, आणि मीसुद्धा ते पहिल्यांदाच नीट ऐकलं.

केबिनमध्ये दोन मशीन असायची. एक मोठं रीळ वीसेक मिनिटं चालायचं. ते चालू असताना मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्यांकडे लक्ष, कारण त्या जळून आखूड होतात, मधलं अंतर वाढलं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. रीळ संपत आलं की नजर काचेच्या झरोक्यातून पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे. तिथे एक टिंब चमकतं. पहिलं टिंब दिसलं की दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची. सातेक सेकंदांनी दुसरं टिंब, की लगेच या मशीनचा उजेड बंद आणि त्या मशीनचा चालू. लोकांना काही कळता कामा नये. म्हणजे हिरो मरत असो की नायिका रडत असो, प्रत्येक रिळाच्या शेवटी नानांनी फक्त कोपरा पाहिला. चौतीस वर्षं.

पण एक जागा त्यांच्या डोक्यात बसली आहे. पाण्याच्या काठाला लांबच लांब जुना महाल, वर घुमट आणि छत्र्या. सिनेमा गुलजारांचा 'किनारा', १९७७ चा. आमच्याकडे तो बराच उशिरा आला, प्रिंट घासलेली होती. नानांचं म्हणणं, त्या महालाच्या सीनवर रीळ संपायचं, म्हणून तो त्यांना कधी पुरता बघायला मिळाला नाही. शोधल्यावर कळलं की ते शूटिंग मध्य प्रदेशातल्या मांडूला झालं होतं आणि मांडू आपल्यापासून काही फार लांब नाही.

माझा भाऊ म्हणतो, नेतेयस तर 'शोले'च्या रामनगरला ने, नाहीतर मुंबईची फिल्मसिटी दाखव. मला सेट दाखवायचा नाही. त्यांना जी जागा आठवते तीच दाखवायची आहे. आमची स्वतःची गाडी आहे, तीन दिवस काढू शकते. मांडूला कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलंय का? किती चढ-उतार आहे? आणि खरं सांगा, तिथे तसं काही राहिलंय का, की त्यांचा हिरमोड होईल?

पनवेलचा पारोळेकर (७ जून)

ताई, आधी थोडं सावध करतो. नोकरीमुळे इकडे आलो तेव्हा मी आपटा स्टेशनला मुद्दाम गेलो होतो, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'चा शेवटचा गाडीचा सीन जिथे झाला ते. छोटं शांत स्टेशन, मागे डोंगर. अर्धा तास बाकावर बसलो. छान वाटलं, पण पडद्यावर जे उर भरून येतं ते तिथे उभं राहून येत नाही, कारण ते गाणं, ती गर्दी, ती गाडी नसते. वाईजवळच्या मेणवलीला मात्र तसं झालं नाही. 'स्वदेस' तिथे झाला. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, मोठी घंटा, सगळं जागच्या जागी आहे. 'गंगाजल'सारखी बिहारची गोष्टसुद्धा वाईतच शूट केली होती, इतका तो भाग सिनेमावाल्यांच्या हातचा आहे.

मला कळलं ते एवढंच, की जागा सिनेमाच्या आधीपासून काहीतरी असेल तर जावं. मांडू तर नक्कीच तसं आहे. रामनगर लांब पडेल, बंगळूरच्या पुढे जावं लागतं, आणि ते सगळे खडक आहेत. गुडघेदुखीच्या माणसाला तिथे नेऊ नका.

लळिंगचा किल्ला (८ जून)

मी धुळ्याचा. आईला घेऊन दोनदा गेलोय, तिचेही गुडघे गेलेले, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आत्ता जाऊ नका. जूनमध्ये तलावात पाणी नसतं आणि नानांना पाण्याकाठचा महाल बघायचाय. जहाज महाल दोन तलावांच्या मधोमध आहे, एकीकडे मुंज तलाव, दुसरीकडे कपूर तलाव. लांबी सुमारे १२० मीटर आणि रुंदी त्या मानाने अगदी कमी, म्हणून पाणी भरलं की तो नांगर टाकलेल्या जहाजासारखा दिसतो. नाव त्यावरूनच पडलं. कोरड्या तलावाकाठी तो नुसता लांब वाडा वाटतो. मी पहिल्यांदा मे महिन्यात नेलं आणि आई म्हणाली, एवढ्यासाठी आणलंस का रे? दुसऱ्यांदा सप्टेंबरात नेलं तेव्हा तिथून उठायला तयार नव्हती. ऑगस्टात हिरवळ असते पण ढग खाली उतरतात, दहा पावलांवरचं दिसत नाही. सप्टेंबरचा दुसरा-तिसरा आठवडा धरा.

रस्ता: अमळनेरहून धुळ्याला यायचा वळसा घेऊ नका. बेटावद, नरडाणा करून सरळ आग्रा रोडला लागा. सावळद्याला तापी ओलांडली की शिरपूर, मग पळासनेर आणि बिजासनी घाट. घाटात देवीचं मंदिर आहे, पाय मोकळे करायला तिथेच थांबा. पुढे सेंधवा, जुलवानिया, खलघाटला नर्मदा, आणि धामनोद. धामनोदहून महेश्वर तेरा किलोमीटर. पहिल्या रात्री महेश्वरलाच थांबा, एका दमात मांडू गाठायचा हट्ट करू नका. घाटात ट्रकची रांग लागली की दोन तास तिथेच जातात आणि बसून बसून गुडघा धरतो.

महेश्वर म्हणजे अहिल्यादेवींची राजधानी. तिथला घाट तुम्ही न जाता पाहिलेला आहे. 'अशोका' तिथला, 'पॅडमॅन' तिथला. 'पॅडमॅन'ची खरी गोष्ट कोइमतूरची, सिनेमात ती उचलून नर्मदाकाठी आणली. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. नानांना वरून किल्ल्यातूनच नदी दाखवा, नाहीतर नावेत बसायचं असेल तर सकाळी लवकर, ऊन्हाआधी. नदीच्या मध्यभागी बाणेश्वराचं छोटं देऊळ आहे, नाव तिथवर जाते.

दुसऱ्या दिवशी मांडू, चाळीसेक किलोमीटर. जहाज महालापर्यंत सपाट चालायचं आहे, त्याची काळजी नाही. गच्चीवर जायला बाहेरून एक लांब सरळ जिना आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत पण मध्ये टेकता येतं. गच्चीवर पाणी गाळून न्यायची गोल गोल फिरणारी दगडी पन्हळ आहे, ती बघायला चुकवू नका. पंधराव्या शतकातलं काम आहे, गियासुद्दीन खिलजीच्या काळातलं, आणि आपल्याकडे नगरपालिकेची गटारं बघा.

रूपमती मंडप गावाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी कड्यावर आहे. तिथे चढ आहे, नाना दमले असतील तर सोडून द्या. पण हवा स्वच्छ असेल तर तिथून खाली निमाडचं मैदान आणि लांबवर नर्मदेची रेघ दिसते. राणी रूपमती तिचं दर्शन घेतल्याशिवाय जेवायची नाही अशी गोष्ट तिकडे सांगतात.

हिरमोड होणार नाही. इमारती जशाच्या तशा उभ्या आहेत.

भुसावळ पेटी (८ जून)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी १९८१ पासून भुसावळला एका वितरकाच्या ऑफिसात होतो. नव्या पिढीला माहीत नसेल, सिनेमाच्या धंद्यात आपला खान्देश सी. पी. बेरार सर्किटमध्ये, म्हणजे वितरणाच्या त्या विभागात, मोडायचा आणि भुसावळ, अमरावती ही त्याची मोठी ठाणी. मुंबईहून प्रिंट आमच्याकडे यायची आणि आमच्याकडून गावोगाव. अमळनेरची पेटी सुरतेच्या पॅसेंजरने जायची. पत्र्याची अष्टकोनी पेटी, आत रिळांचे गोल डबे. पेटी उशिरा पोचली तर पहिला शो रद्द आणि मालकाच्या शिव्या ऑपरेटरला, जणू गाडी त्यानेच उशिरा आणली.

प्रिंट परत यायची तेव्हा आम्ही सांधे, म्हणजे तुटलेली फिल्म जिथे जोडली ते जोड, मोजायचो. काही गावांहून येताना गाण्याचा तुकडाच गायब असायचा, कापून कोणीतरी ठेवून घेतलेला. अमळनेरची प्रिंट मात्र स्वच्छ यायची. सांधा असला तरी फ्रेमच्या रेषेवर, सरळ. तो हात तुमच्या नानांचाच असणार, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्यांना एक विचाराल का? पेट्यांवर सिनेमाचं नाव पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं असायचं. ते त्यांना आठवतं का?

आणि एक सुचवतो, मांडूहून आल्यावर कधीतरी भुसावळला आणा त्यांना. इथल्या जुन्या युरोपियन कबरस्तानात मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे, अजिंठ्याची चित्रं उतरवून काढणारा तो. १८७९ साली वारला. ना. धों. महानोरांच्या काव्यावर नितीन देसाईंनी २०१२ साली 'अजिंठा' केला, तो ह्याच गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांच्यावर. पारोची कबर अजिंठा गावात आहे. सिनेमातली खरी माणसं आपल्या दाराशी आहेत आणि आपण बघायला जात नाही, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

बोरीकाठची (२१ सप्टेंबर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री परत आलो. लळिंगदादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं, पाऊस उतरेपर्यंत थांबलो.

पहिल्या दिवशी बिजासनीला थांबून घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. खलघाटच्या पुलावर नानांनी गाडी हळू घ्यायला लावली आणि नर्मदेत नाणं टाकलं. महेश्वरला दुसऱ्या दिवशी पहाटे नावेत बसलो. नावाड्याने कोणकोणते हिरो आले होते ते सगळं सांगितलं. नानांनी त्याला एकच विचारलं, लाइट कुठून मारायचे? त्याने पलीकडच्या पायऱ्या दाखवल्या. मग नाव फिरेपर्यंत नाना त्या पायऱ्यांकडेच बघत होते.

मांडूला अकराला पोचलो. जहाज महालासमोर मी आधी त्यांचा चेहरा बघत होते, मला भीती होती. ते तलावाच्या कडेला गेले, खाली वाकले, हात पाण्यात घातला आणि म्हणाले, "हाई पानी ते खरंच शे." त्यांना इतकी वर्षं वाटत होतं की तो पडदा रंगवलेला असेल.

मग ते जागा शोधू लागले. दहा पावलं मागे, थोडं डावीकडे, परत मागे. गुडघ्याचं नावही नाही. वीसेक मिनिटं झाली असतील. मी सावलीत बसून होते, बोलावलं नाही. एका ठिकाणी थांबले आणि मला हाक मारली. उजवीकडच्या घुमटाच्या वर, आभाळात, बोट दाखवून म्हणाले, टिंब इथे यायचं. पहिलं इथे, दुसरंही इथेच. मी बोटाच्या दिशेने बघितलं, तिथे एक घार फिरत होती. नाना बराच वेळ तसेच उभे होते, आणि मग त्यांनी हळूहळू मान डावीकडे फिरवली, पूर्ण महाल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. कमानी मोजल्या. मध्येच म्हणाले, खाली पाण्यात पण घुमट दिसतो, हे मला ठाऊकच नव्हतं. घासलेल्या प्रिंटमध्ये तो दिसलाच नसणार.

गच्चीवर गेलो. जिन्यात तीनदा बसले. दगडी पन्हळ पाहिली, तिच्यात बोट फिरवलं. रूपमती मंडप सोडला. ते म्हणाले, पुरे, आता हेच राहू दे डोक्यात.

संध्याकाळी खोलीत माझ्या मोबाइलवर तो सीन लावून दिला. पाहिला, शेवटपर्यंत. पण मध्येच त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली ती मला दिसली.

भुसावळ पेटी काका, तुमची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा नाना काहीच बोलले नाहीत, उठून अंगणात गेले. "सांधा सरळ यायचा" हे त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं: पेटीवरच्या नावातला 'र' वेगळाच असायचा, त्याचं शेपूट पार पुढच्या अक्षराखाली जायचं. लांबून पेटी हमालाच्या डोक्यावर दिसली की त्या 'र'वरून ते ओळखायचे, भुसावळची आली. ते कोण लिहायचं, हे विचारायला सांगितलंय.

भुसावळ पेटी (२१ सप्टेंबर)

मीच लिहायचो ताई. ब्रश जाड होता, शेपूट ओढल्याशिवाय रंग संपायचा नाही. नानांना घेऊन या. स्टेशनवर घ्यायला येतो.