सुट्टीतल्या वर्गात परीकथा सांगाव्यात का?

खानापूर_वर्ग
मे महिन्यात आमच्या संडे स्कूलचा सुट्टीचा वर्ग आहे. मुलं ६ ते ११ वयाची, पंचवीसेक. घरात कुणाची मराठी, कुणाची कोंकणी, शाळा बहुतेकांची कन्नड. रोज ४० मिनिटं गोष्टींना द्यायची आहेत. काही पालकांचं म्हणणं असं की जादू, चेटकिणी, बोलणारे प्राणी हे बायबलच्या वचनाविरुद्ध आहे. शिवाय अशा गोष्टी ऐकून मुलं येशूच्या गोष्टीही त्यातलीच एक समजतील. ही दुसरी शंका मलाही खरी वाटते. काय निवडावं, कसं सांगावं?

बेळगाव_कॅम्प
ताई, बोलणाऱ्या प्राण्यांवर आक्षेप घेणाऱ्यांना बायबलातल्या शास्ते या पुस्तकातलं ९:८-१५ वाचायला द्या. झाडं राजा निवडायला निघतात. जैतून नको म्हणतं, अंजीर नको म्हणतं, द्राक्षवेलही नको म्हणते, शेवटी काटेरी झुडूप तयार होतं. योथामाने सांगितलेली ही गोष्ट सहा वर्षांच्या पोरालाही कळते. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याची चूक दाखवायला सांगितलेली गरिबाच्या कोकरीची गोष्टही (२ शमुवेल १२) कल्पितच. आणि कल्पित लिहिणं ख्रिस्ती माणसाला शोभत नाही म्हणाल, तर बाबा पदमनजी आपल्या बेळगावातच जन्मले, आणि १८५७ सालचं त्यांचं ‘यमुनापर्यटन’ मराठीतल्या पहिल्या कादंबऱ्यांत मोजतात.

दुसरी शंका मात्र रास्त आहे. मुलं गोंधळतात ती दोन्ही गोष्टी एकाच सुरात, एकाच जागेवरून, एकापाठोपाठ एक सांगितल्या की. म्हणून परीकथेची सुरुवात नेहमी ‘आटपाट नगर होतं’ अशीच करा. शास्त्रातली गोष्ट सांगताना बायबल उघडं ठेवा, भिंतीवर नकाशा लावा आणि गावावर बोट ठेवा. लूक ३:१ मध्ये रोमच्या तिबिर्य कैसराचं पंधरावं वर्ष आहे, सुभेदार पंतय पिलाताचं नाव आहे. आटपाट नगराला ना साल, ना सुभेदार. हा फरक मुलं दोन-तीन दिवसांत आपणहून बोलून दाखवतात. दोन्ही गोष्टी एकाच तासाला घेऊ नका, मध्ये गाणं किंवा खेळ येऊ द्या.

निपाणीकर
चेटकिणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात खरी अडचण तिथे आहे. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात मनाई आहे ती शकुन पाहणं, मंत्रतंत्र, भूत विचारणं यांना. गोष्टीतली चेटकीण वाईट असते आणि हरते, त्यात वचनाचा भंग काही नाही. पण इकडच्या खेड्यांत करणी, भानामती हे शब्द मुलं घरी ऐकतात, आणि एखाद्या एकट्या म्हातारीवर संशय घेतलेलाही पाहतात. कर्नाटकात जादूटोण्याविरुद्ध २०१७ चा कायदा करावा लागला तो काही उगाच नाही. तेव्हा चेटकीण म्हणजे वाकलेली, विधवा, गावाच्या कडेला राहणारी बाई, असं चित्र उभं करूच नका. दूरच्या रानात, काचेच्या घरात बसवा. तरुण, देखणी केलीत तरी गोष्टीचं काही बिघडत नाही. एक चांगली म्हातारी त्याच आठवड्यात हवीच : ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ घ्या.

मंत्र मुलांकडून एका सुरात म्हणवून घेऊ नका. पालक भडकतात ते बहुधा यावरच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

चिकोडी_धर्मशिक्षण
भोपळ्याच्या गोष्टीत म्हातारी वाघाला थाप मारते, त्याचं काय? मुलं विचारणारच की ओ. आणि तात्पर्य शेवटी सांगायला नको का?

बेळगाव_कॅम्प
विचारू द्या की. निर्गम १ मधल्या इब्री सुइणींनी बाळांना वाचवण्यासाठी फारो राजाला काय उत्तर दिलं ते पुढच्या तासाला वाचा. ९ वर्षांवरची मुलं त्यावर चांगली भांडतात, निकाल तुम्ही लगेच देऊ नका.

तात्पर्य नको. नाथानाने ‘तो मनुष्य तूच’ म्हटलं ते दावीद आधी संतापला तेव्हा. आधी राग, कीव किंवा हसू येऊ द्या. गोष्ट १५ मिनिटं, मग दोनच प्रश्न : कोण चुकलं? तू असतास तर काय केलं असतंस? ‘राजपुत्र म्हणजे येशू, राक्षस म्हणजे सैतान’ अशी वाटणी केलीत की मुलं पुढच्या गोष्टीत येशू कुठे लपलाय तेवढंच शोधत बसतात. गोष्ट राहते बाजूला.

खानापूर_वर्ग
हे बरं झालं. मोठ्या मुलांसाठी एखादी लांब गोष्ट?

निपाणीकर
अँडरसनची हिमराणी (१८४४). सात भाग आहेत, तीन दिवस पुरतात : पहिले दोन, मग तिसरा ते पाचवा, मग शेवटचे दोन. तिसऱ्यात प्रत्येक फूल आपापली कहाणी सांगतं, त्या सगळ्या गाळा, मुलं कंटाळतात. सहाव्याच्या शेवटी गोष्टीतली मुलगी गेर्डा प्रभूची प्रार्थना म्हणते आणि तिच्या श्वासाचे देवदूत होतात. सातव्यात आजी ‘बालकांसारखे झाल्याशिवाय’ हे वचन वाचते. संक्षिप्त पुस्तकांत नेमकं हेच कापलेलं असू शकतं, तेव्हा प्रत घेण्याआधी ही दोन पानं उघडून बघा. आणि फुटलेल्या जादूच्या आरशाचा तुकडा मुलाच्या डोळ्यात जातो तो प्रसंग लहानांना फार रंगवून सांगू नका, रात्री डोळे चोळत बसतात.