मदत हवी आहे: नववी-दहावीचं वेळापत्रक नव्याने बसवायचंय, शनिवारी संस्थेची बैठक

तापीकाठ
तातडीने सल्ला हवा आहे. जूनपासून नववी-दहावी कशी चालवायची याचा आराखडा शनिवारी संचालकांपुढे मांडायचा आहे. मागच्या मे महिन्यात आमची ५३ पैकी २१ मुलं नापास झाली. केंद्रावर कॅमेरे लागले, पर्यवेक्षक दुसऱ्या शाळांचे आले आणि इतकी वर्षं झाकून ठेवलेलं एका निकालात उघडं पडलं. त्यात पुढे नवीन अभ्यासक्रम येतोय, विषय वाढतायत. आठवड्याच्या ४५ तासिकांत हे बसत नाही. तीन वेळा मांडून पाहिलं, तिन्ही वेळा गणिताला तासिका कमी पडल्या.

संचालकांचं म्हणणं एकच: कच्ची मुलं नववीतच अडवा, नाहीतर पालकांना सांगून सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेबाहेरून दहावीला बसायचा अर्ज, भरायला लावा. म्हणजे शाळेचा निकाल आपोआप वर जाईल. मला हे करायचं नाही. पण नाही म्हणायला हातात दुसरं काहीतरी हवं. कोणी असं वेळापत्रक बदललं असेल तर नमुना टाका. पीडीएफ असेल तर उत्तम.

बोरीकाठचा मास्तर
भाऊ, पहिले हाई सांगा, मास्तर कितला शेतस? शाळा अनुदानित की विनाअनुदानित? पाचवीपासून की आठवीपासून? तुकड्या किती? एवढं कळल्याशिवाय वेळापत्रक कसं देणार?

गणित_चाळीस_चाळीस
३१ वर्षं गणित शिकवलं, म्हणून सांगतो. गणित भाग १ चे ४०, भाग २ चे ४०, अंतर्गत २०. सगळे मिळून ३५ पाहिजेत. मुलाला ३० पर्यंत पाढे, वर्ग-घन आणि भूमितीतल्या प्रमेयांची विधानं तोंडपाठ असली की तो नापास होत नाही. रोज सकाळी पाढे, रोज एक प्रश्नपत्रिका. वेळापत्रक बदलायची गरजच नाही. संध्याकाळी ५ ते ६ जादा तास ठेवा, डिसेंबरनंतर फरक दिसेल.

आखाजी
सर, पाठांतराला विरोध नाही, पण २०१९ आठवून बघा. त्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० झाला. मुलं तीच, शिक्षक तेच. आपण हाताने देत होतो ते गुण गेले, हा मोठा फरक. गळती भाषेत आहे. मी यावल तालुक्यात मराठी शिकवते. नववीत आलेली मुलं परिच्छेद वाचतात, पण काय वाचलं ते सांगू शकत नाहीत.

गणित_चाळीस_चाळीस
मॅडम, भाषेचा बाऊ नको. गणिताला भाषा लागत नाही.

आखाजी
शाब्दिक उदाहरणांना लागते सर.

निवृत्त_मुअ_अमळनेर
तुमचे संचालक चुकीचं बोलत नाहीत, हे मी जबाबदारीने लिहितोय. ज्याला भागाकार येत नाही त्याला दहावीला बसवून नापासाचा शिक्का मारण्यापेक्षा एक वर्ष थांबवणं जास्त दयाळूपणाचं आहे. २०२३ च्या डिसेंबरात शासनानेच पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाला तर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा, तिथेही नापास झाला तर त्याच वर्गात. म्हणजे ढकलगाडी थांबवायचं सरकारनेही मान्य केलंय.

आखाजी
सर, त्याच नियमात मधल्या दोन महिन्यांत जादा मार्गदर्शन करायचंही लिहिलंय. आणि मुलाला थांबवून शिकवणं वेगळं, सतरा नंबरचा फॉर्म हातात देऊन वर्गाबाहेर काढणं वेगळं. तो फॉर्म ज्यांची शाळा सुटलीय त्यांच्यासाठी आहे. आपण तो शाळेत रोज येणाऱ्या पोराला द्यायचा?

भुसावळकर_परदेशी
मी २२ वर्षं अमेरिकेत आहे, मुलगी इथल्या हायस्कुलात शिकली. इथे हा प्रश्न ४० वर्षं चाललाय. १९८३ च्या राष्ट्रीय आयोगाने शिफारस केली की हायस्कूल पास व्हायला ४ वर्षं इंग्रजी, ३ वर्षं गणित, ३ वर्षं विज्ञान, ३ वर्षं समाजशास्त्र हवंच. अटी वाढल्या तशी शाळांना आपली घडीच बदलावी लागली. अनेकांनी सात-आठ छोट्या तासिका मोडून ९० मिनिटांच्या चार केल्या. एक विषय अर्ध्या वर्षात, ९० दिवसांत संपवायचा. ९० मिनिटं गुणिले ९० दिवस म्हणजे १३५ तास. इथल्या १९०६ पासूनच्या मोजमापाने एका विषयाला १२० तास लागतात, ते त्यात बसतात. मॅसॅच्युसेट्सने तर २००३ च्या बॅचपासून दहावीची राज्य चाचणी पास होण्याची अट घातली होती. नापास झालेल्याला पुन्हा पुन्हा बसता यायचं. २०२४ च्या नोव्हेंबरात लोकांनी मतदान करून ती अट काढली.

बोरीकाठचा मास्तर
दादा, माहिती चांगली आहे, पण नंदुरबार-धुळ्याच्या शाळेत ९० मिनिटं एका बाकावर चार पोरं बसवून दाखवा. एप्रिलमध्ये पत्र्याखाली. आणि मूळ प्रश्न विचारणारे सर कुठे गेले? शिक्षक किती, ते अजून सांगितलं नाही.

तापीकाठ
माफ करा, कामात होतो. अनुदानित, मराठी माध्यम, आठवी ते दहावी, प्रत्येकी एकच तुकडी. जूनमध्ये नववीला ५८ येतील. मी मुख्याध्यापक आहे, माझ्याशिवाय चार शिक्षक. गणित-विज्ञानाला एकच होते, ते नोव्हेंबरात निवृत्त झाले. पद शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर जाईल तेव्हा जाईल. सध्या गणित मीच घेतो. आणि ५ ते ६ जादा तास शक्य नाही, ते मागच्या वर्षी करून झालं.

गणित_चाळीस_चाळीस
का शक्य नाही? इच्छा असेल तर सगळं होतं.

तापीकाठ
सर, निम्म्याहून जास्त मुली मानव विकास योजनेच्या, शाळेच्या मुलींसाठी असलेल्या निळ्या बसने येतात. ती ५.२० ला फाटकात उभी राहते. बस सुटली की पोरीला ११ किलोमीटर पायी. दोन दिवस जादा तास घेतला, तिसऱ्या दिवशी चार वडील दारात. त्यांचं काही चुकलं नाही.

भरीत_पुरी
विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. माझा भाचा भुसावळला असतो, दहावीत एका विषयात राहिला तर अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात त्याचं नाव येईल का? घरात सगळे घाबरलेत.

आखाजी
ताई, एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीची सवलत असते, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर अकरावीला प्रवेश, आणि पुरवणी परीक्षाही लगेच होते. निकालाच्या आधी घाबरू नका. त्याच्या शाळेत चौकशी करा, त्यांना नेमकं माहीत असतं.

पाबळ_पाहिलेला
सर, नवीन अभ्यासक्रमाला घाबरू नका. २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात नववी-दहावीला दहा विषय आहेत: तीन भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र, कला, शारीरिक शिक्षण, व्यवसाय शिक्षण आणि आंतरविद्याशाखीय. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवड्यातून एक दिवस हाताने काम करत शिकवतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मी तिथे राहून आलोय. टाकी बांधताना घनफळ कळतं, वीजबिल काढताना दशांश कळतो. एक दिवस पूर्ण द्या, गणित त्यातूनच सुटेल.

बोरीकाठचा मास्तर
४५ तासिका पुरत नाहीत म्हणून ते विचारतायत आणि तुम्ही अजून एक दिवस मागताय! शिवाय १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात नववीला नवीन अभ्यासक्रम २०२७-२८ ला आणि दहावीला २०२८-२९ ला दाखवलाय. या जूनला तो डोक्यावर घेऊ नका. आजच्या पोरांचं आधी बघा. ती २१ नेमकी कुठल्या विषयात गेली?

तापीकाठ
गणितात १९, इंग्रजीत १४, त्यातली बरीचशी दोन्हीत. आणि एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. २१ पैकी ९ जण दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. काही परीक्षेच्या आदल्या रात्री ट्रकने परतले. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा लागते तोवर निम्मे बाक रिकामे असतात. हंगामी वसतिगृहाची सोय आहे ती खालच्या वर्गांसाठी, नववी-दहावीला कोणी विचारत नाही.

आखाजी मॅडम म्हणतात ते खरंय, परवाच डोळ्यांनी पाहिलं. आठवीतली एक मुलगी, घरी पावरी बोलतात. गेल्या हंगामात तिने आई, मावशी आणि दोन बहिणींच्या कापूस वेचणीचा हिशोब ठेवला होता. वहीची मागची पानं मला दाखवली. रोजचं किलो, भाव, मुकादमाने दिलेली उचल वजा, शिल्लक. एका ठिकाणी मुकादमाने ४३ चे ३४ लिहिले होते, ते तिने पकडून ९० रुपये परत घेतले. तिलाच मी पुस्तकातलं गुणोत्तराचं उदाहरण दिलं. पेन्सिल धरून बसली. वाचायला सांगितलं तर ‘अनुक्रमे’वर थांबली. मी म्हटलं, अनुक्रमे म्हणजे पहिलं याचं, दुसरं त्याचं. तिने मान डोलावली आणि दोन मिनिटांत उत्तर काढलं. या मुलीला मी सतरा नंबरचा फॉर्म कसा देऊ?

आखाजी
सर, तुमच्या आराखड्याचं पहिलं पान हेच. संचालकांना ती वही दाखवा.

निवृत्त_मुअ_अमळनेर
नऊ मुलं स्थलांतरित होती हे आधी कळलं असतं तर मी वेगळं लिहिलं असतं. अशा पोराला वर्षभर थांबवून उपयोग नाही, ते पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा जाणारच. आमच्या गावच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. छात्रालय सांभाळायचे, मुलांचे कपडे धुण्यापर्यंत सगळं करायचे. मूल शाळेपाशी राहिलं तरच शिकतं, हे मी ३४ वर्षांत शिकलो. दिवाळी ते मार्च या नऊ-दहा मुलांची गावात राहायची सोय कोण करू शकेल, हा प्रश्न संस्थेला विचारा. संस्थेकडे खोल्या असतात. निकाल हवा असेल तर खोली द्या म्हणावं.

भुसावळकर_परदेशी
आता माझी गोष्ट पुन्हा बघा. ९० मिनिटं राहू द्या. पण जड विषय अर्ध्या वर्षात ओढायचा, हे तुमच्या दिवाळीला बरोबर बसतं. जून ते दिवाळी गणिताला दुप्पट तासिका, दिवाळीनंतर त्या कमी करून भाषा आणि समाजशास्त्राला. जाणारं पोर निदान गणित संपवून जाईल.

गणित_चाळीस_चाळीस
हे मान्य. ३५ मिनिटांच्या दोन तासिका जोडल्या तर प्रमेयाची सिद्धता आणि त्यावरचं उदाहरण एका बैठकीत होतं. एरवी फळा पुसण्यात पाच मिनिटं जातात.

बोरीकाठचा मास्तर
सर, एक विचारू? बस संध्याकाळी ५.२० ला जाते. सकाळी किती वाजता येते?

तापीकाठ
सव्वादहाला. शाळा ११ ची. पोरी ओट्यावर बसतात, गजगे खेळतात.

बोरीकाठचा मास्तर
मग सापडलं की! सव्वादहा ते पाच कमी अकरा. शनिवार सोडला तरी आठवड्याला जवळजवळ पाच तासिका फुकट चालल्यात. बस तुम्हाला वेळ देतेय आणि तुम्ही संध्याकाळकडे बघताय.

तापीकाठ
हे खरंच डोक्यात आलं नाही. अडचण एवढीच की शिक्षक शहाद्याहून अप-डाऊन करतात, पावणेअकराआधी कोणी येत नाही. गावात राहणारे मी आणि क्रीडाशिक्षक, दोघेच.

पाबळ_पाहिलेला
दोघे पुरतात. ५८ मुलांची पहिल्या आठवड्यात वाचन चाचणी घ्या. वर्गवार गट पाडू नका. वाचता न येणारे एका खोलीत, वाचून न कळणारे दुसऱ्या, बाकीचे व्हरांड्यात स्वतः उदाहरणं सोडवतील. क्रीडाशिक्षकांना वाचनाचा गट द्या. त्यांना मुलांची भाषा बहुतेक तुमच्यापेक्षा जास्त येत असेल.

तापीकाठ
येते. ते धडगावकडचेच आहेत.

काल रात्री चौथ्यांदा मांडलं. नववीला १५ जून ते १५ ऑगस्ट सकाळची ही वेळ फक्त वाचनाला. पुस्तक वेगळं नाही, इतिहासाचं आणि विज्ञानाचंच, म्हणजे त्या तासिकाही वाया जात नाहीत. दिवाळीपर्यंत मंगळवार, गुरुवार, शुक्रवार गणिताची जोडतासिका. प्रत्येक शाब्दिक उदाहरणाआधी मुलांनी ते आपल्या भाषेत सांगायचं, मगच पेन. दहावीला प्रश्नपत्रिका सराव दिवाळीपूर्वीच सुरू. जाणाऱ्या मुलांची यादी सप्टेंबरात करून पालकांना घरी जाऊन भेटायचं, सोबत संचालकांपैकी एकाने यायचं. दोन खोल्या मागणार आहे. अंतर्गत गुण जेवढे मिळाले तेवढेच द्यायचे, हे मी माझ्याकडून लिहून देतो.

समाजशास्त्राच्या आठवड्याला दोन तासिका कमी झाल्या, तिथे शिक्षक नाराज आहेत.

आखाजी
इतिहासाचं वाचन सकाळीच होतंय ना? ते त्यांना दाखवा, राग कमी होईल. इंग्रजीचं मात्र तुम्ही काहीच लिहिलं नाही. १४ मुलं तिथेही गेलीत.

तापीकाठ
इंग्रजीचं खरंच सुचत नाहीये मॅडम. शनिवारपर्यंत मराठी वाचनाचे सोपे ते अवघड असे दहा उतारे मिळाले तर चाचणीचा नमुनाही सोबत जोडता येईल. प्रत्येकी शंभर-दीडशे शब्दांचे, आणि त्यात अनुक्रमे, परस्पर, प्रमाणात, एकूण, उर्वरित असले शब्द हवेत.

गणित_चाळीस_चाळीस
शब्दांची यादी मी देतो. दहावीच्या जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे बांधून ठेवलेल्या आहेत. ज्या शब्दांवर पोरं अडतात ते लाल पेनाने काढतो. मॅडम, उतारे तुम्ही लिहा, मला तेवढं जमणार नाही.

आखाजी
लिहिते. पहिला कापूस वेचणीचाच. उद्या रात्री नऊपर्यंत टाकते.