रिव्हर्स लूकअपमध्ये नाव कॅपिटलमध्ये येतंय, स्क्रिप्ट ओळखच देईना

चादरवाला_आयटी:
सोलापुरात एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं युनिट आहे आमचं, ऑफिसात वीसेक पीसी. लिनक्स सर्व्हरवर माझी एक स्क्रिप्ट आहे, बॅकअपला जो पीसी येतो त्याचा आयपी (नेटवर्कवरचा नंबर) घेऊन डिग कमांडने रिव्हर्स लूकअप मारते, म्हणजे आयपीवरून नाव शोधते, आणि आलेलं नाव यादीत असेल तरच आत घेते. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत झोन फाइल (कुठल्या आयपीला कुठलं नाव ते लिहिलेली) नव्यानं लिहिली आणि सोमवारपासून निम्मे पीसी बाहेर. नाव बरोबर येतंय, फक्त कॅपिटलमध्ये, यादीत स्मॉल आहे. पण डीएनएसला, म्हणजे नाव-आयपी जुळवणाऱ्या यंत्रणेला, कॅपिटल-स्मॉल एकच ना? मग घोडं अडलं कुठं?

हुरडा_पार्टी:
कॅशे क्लिअर कर, सर्व्हर रिस्टार्ट मार, होतंय.

चादरवाला_आयटी:
दोनदा मारला. तिसऱ्यांदा अकाउंटवाल्या काकांनी हात लावू दिला नाही, जीएसटी भरत होते.

रूट_मामा:
रिस्टार्टनं काय होणार बे. एकच असतं ते शोधताना. इंटरनेटच्या नियमांचा कागद आरएफसी ४३४३ बघ, २००६ चा, नावं जुळवताना फरक धरायचा नाही पण लिहिलेलं रूप शक्यतो तसंच ठेवायचं. रिव्हर्समध्ये तू विचारतोस ते आयपीचे उलटे आकडे आणि पुढं इन-ॲडर डॉट आर्पा, तिथं काही अडत नाही, पीटीआरमध्ये (झोन फाइलमधली आयपीपुढं नाव लिहिलेली नोंद) जे टाईप केलंस ते मात्र जसंच्या तसं परत येतं. डीएनएसचं काम तिथं संपलं, पुढं यादीत नाव शोधणारी तुझी ग्रेप कमांड अक्षर न् अक्षर बघते. झोन फाइल दुरुस्त करत बसू नको, उद्या परत कुणीतरी कॅप्स लॉक लावून बसेल. आलेलं नाव टीआर कमांडने स्मॉल कर.

चादरवाला_आयटी:
केलं, चालू झाले, पण तीन पीसी जे आजपर्यंत नीट चालत होते तेच बंद पडले!

रूट_मामा:
यादीत त्यांची नावं कॅपिटलमध्ये असणार. दोन्हीकडं स्मॉल कर नाहीतर ग्रेपला हायफन आय लाव, मग ती कॅपिटल-स्मॉल बघत नाही.

चादरवाला_आयटी:
तसंच निघालं, यादी मीच केलेली. देवनागरीत ही भानगडच नाही राव.

पार्क_चौक:
एक सांगू का, नुसत्या पीटीआरवर आत घेऊ नको. रिव्हर्स झोन ज्याच्या हातात तो त्यात वाट्टेल ते नाव लिहू शकतो. आलेल्या नावाचं परत फॉरवर्ड लूकअप कर, म्हणजे नावावरून आयपी शोध, तोच आयपी आला तरच दार उघड.

चादरवाला_आयटी:
करून बघितलं, पॅकिंगच्या पीसीचं नाव अजून जुन्याच आयपीवर आहे. आता ते निस्तरतो.