खरी तयारी शस्त्रक्रियेच्या आधीची

खूप वजन घटल्यावर पोटावर उरलेली सैल त्वचा शस्त्रक्रियेने काढल्यानंतर घरी किती दिवस मदत लागेल, असे आपण विचारले आहे. पण माझ्या मते तयारी त्याच्या काही महिने आधी, रक्ततपासणीपासून सुरू व्हायला हवी. वजन घटवण्यासाठी ज्यांची जठरावर शस्त्रक्रिया झालेली असते, त्यांच्यात लोह, बी-१२ जीवनसत्त्व आणि प्रथिने यांची कमतरता अनेकदा आढळते, आणि ती भरून न काढता शरीराने एवढी लांब जखम भरून काढावी ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. धूम्रपान किमान ४ आठवडे आधी थांबवावेच, कारण निकोटीनमुळे त्वचेचा रक्तपुरवठा घटतो.

सुरुवातीचे काही दिवस कमरेत वाकूनच चालावे लागते, त्यामुळे पाठीमागे व गुडघ्यांखाली उशा घेऊन झोपण्याची सवय आधीच करावी, रोजच्या वस्तू हाताशी येतील अशा मांडाव्यात आणि जखमेत साचणारा द्रव बाहेर काढण्यासाठी बसवलेल्या निचऱ्याच्या नळीतून येणारा द्रव मोजून लिहिण्यासाठी एक वही ठेवावी. थोडे थोडे चालणे मात्र टाळू नये, कारण त्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. एकाच पोटरीला सूज आली किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.